कोर्टाचं दार फोडणारा पाद्री

२६ मे १८५४च्या रात्री बॉस्टनमध्ये काही माणसांनी एक जाडजूड लाकडी तुळई उचलली आणि कोर्टाच्या इमारतीच्या दाराला धडका द्यायला सुरुवात केली. तुळईच्या पुढच्या टोकाला थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन नावाचा तिशीतला माणूस होता. जवळच्याच वूस्टर शहरातल्या एका चर्चचा तो पाद्री. दार माणूस शिरेल इतपत उघडलं, आधी एक कृष्णवर्णीय गडी आत घुसला आणि त्याच्या पाठोपाठ हिगिन्सन. आतल्या पहारेकऱ्यांनी दंडुके आणि तलवारी चालवल्या. हिगिन्सनच्या हनुवटीवर वार बसला, त्याचा व्रण जन्मभर राहिला. त्या झटापटीत जेम्स बॅचेल्डर हा पहारेकरी मारला गेला. ज्याला सोडवायला हे सगळं चाललं होतं तो पळून आलेला गुलाम अँथनी बर्न्स मात्र आत कोठडीतच राहिला.

आठ वर्षांनी हाच पाद्री अमेरिकी सैन्यात कर्नल झाला. त्याच्या हाताखाली आलेली पलटण कालपरवापर्यंत गुलाम असलेल्या माणसांची होती. हिगिन्सनला ‘माथेफिरू आदर्शवादी’ म्हणून मोकळं होता येतं, आणि स्वभावाने तो थोडाफार तसा होताही. पण त्याचं चरित्र वाचताना मला त्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या देशाचा कायदा जास्त बोलका वाटतो. दर दोन-तीन वर्षांनी सरकारने एक नवा कायदा करायचा आणि त्यातून या माणसाची सनदशीर राहण्याची आणखी एक वाट बुजायची, असं ते चाललं होतं. धर्मोपदेशक हातात शस्त्र कसं घेतो, हे समजून घ्यायचं तर ते कायदे समजून घ्यावे लागतात.

आधी माणूस पाहू. जन्म २२ डिसेंबर १८२३, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी. घराण्याचा मूळ पुरुष १६२९ साली इंग्लंडहून आलेला प्युरिटन धर्मोपदेशक. वडील हार्वर्ड कॉलेजचे कारभारी. पोरगा तेराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झाला, १८४१ साली पदवीधर झाला आणि बरीच चालढकल करून १८४७ साली तिथलंच धर्मशास्त्राचं शिक्षण संपवून युनिटेरियन पाद्री झाला. युनिटेरियन म्हणजे देव एकच, पिता-पुत्र-पवित्र आत्मा अशी त्रिमूर्ती नाही, आणि धर्मग्रंथाइतकाच माणसाच्या विवेकाला मान, असं मानणारा ख्रिस्ती पंथ. आपल्याकडच्या प्रार्थना समाजाचं या लोकांशी चांगलं जमत असे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या ज्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते याच पंथाचं. मुद्दा असा, की विवेकाला पटत नाही ते देवाच्या नावावरही खपवून घ्यायचं नाही, ही त्या पंथाची शिकवण होती. हिगिन्सनने ती जरा जास्तच मनावर घेतली.

त्याची पहिली नेमणूक न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी झाली. तिथले श्रीमंत म्हणजे जहाजांचे मालक आणि व्यापारी. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत गुलामी बंद झालेली होती, तरी उत्तरेचे हात त्यात अडकलेलेच होते. दक्षिणेत गुलामांनी पिकवलेला कापूस उत्तरेची जहाजं वाहून नेत, मॅसॅच्युसेट्सच्या गिरण्या तो विणत आणि बॉस्टन-न्यूयॉर्कच्या पेढ्या मळेवाल्यांना कर्ज देत. म्हणजे रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसणाऱ्यांची उपजीविका गुलामीला चिकटलेली. हिगिन्सनने व्यासपीठावरून गुलामीवर बोलायला सुरुवात केली, गिरणी कामगारांच्या हालांवर बोलला, गुलामीचा विस्तार रोखू पाहणाऱ्या फ्री सॉइल पक्षाची बाजू घेतली (पुढे १८५० साली त्याच पक्षातर्फे काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूक लढवून तो हरला). १८४९ साली त्याला राजीनामा द्यावा लागला. मंडळींचा गुलामीविरोधाला तत्त्वतः विरोध नव्हता, फक्त तो आपल्या चर्चमध्ये नको होता.

इथवर तो फक्त बोलत होता. १८५० साली काँग्रेसने फरारी गुलामांचा कायदा केला आणि बोलण्यावर भागवणं अवघड झालं.

अमेरिकेच्या मूळ घटनेतच एक कलम होतं, की एका राज्यातून पळालेल्या ‘सेवेस बांधलेल्या’ माणसाला दुसऱ्या राज्याने परत सोपवलं पाहिजे. उत्तरेची राज्यं त्याची अंमलबजावणी टाळत. १८५०च्या कायद्याने ती पळवाट बंद केली. पकडलेल्या माणसाचा निकाल केंद्र सरकारचा आयुक्त देणार. ज्यूरी नाही. पकडलेल्याला स्वतःची साक्ष देता येणार नाही. त्याला मालकाकडे परत पाठवलं तर आयुक्ताला दहा डॉलर शुल्क, सोडून दिलं तर पाच. (कारण काय दिलं, तर परत पाठवायचं म्हणजे कागदपत्रं जास्त करावी लागतात.) फरारी माणसाला लपवणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिने कैद. शिवाय सरकारी अधिकाऱ्याने हाक मारली, की कोणाही नागरिकाने पकडायला मदत करायचीच. दक्षिणेतली गुलामी आजवर ‘त्यांची’ होती. आता बॉस्टनच्या न्हाव्याने, शिंप्याने, पाद्र्याने तिच्या पहाऱ्यावर उभं राहायचं होतं. कायद्याच्या समर्थकांना वाटलं, यामुळे तंटा मिटेल. प्रत्यक्षात तोवर गप्प असलेली हजारो माणसं यामुळेच पेटली.

१८५१ साली जॉर्जियातून पळून आलेला थॉमस सिम्स हा तरुण बॉस्टनमध्ये पकडला गेला. त्याने कोर्टाच्या खिडकीतून खाली अंथरलेल्या गाद्यांवर उडी मारायची, अशी योजना हिगिन्सन आणि मित्रांनी आखली. ऐन वेळी खिडकीला गज बसले. सिम्सला पहाटे बंदरावर नेऊन जॉर्जियाला रवाना केलं. प्रतिष्ठित माणसांच्या कमिटीला बेकायदा काम जमत नाही, कारण बैठकीत सगळे चर्चाच करत बसतात, असा निष्कर्ष हिगिन्सनने यातून काढला.

म्हणून तीन वर्षांनी अँथनी बर्न्सच्या वेळी तुळई. बर्न्स व्हर्जिनियातून पळून बॉस्टनला आला होता, एका कृष्णवर्णीय कापडविक्याच्या दुकानात काम करत होता. त्याने भावाला पाठवलेलं पत्र मालकाच्या हाती पडलं. २४ मे १८५४ला त्याला चोरीच्या खोट्या आरोपावरून धरलं आणि कोर्टात नेल्यावर खरा हेतू उघड झाला. २६ तारखेला फॅन्युएल हॉलमध्ये प्रचंड सभा भरली. बेत असा होता, की सभा रंगात असताना कोणीतरी ओरडायचं, कोर्टावर हल्ला झालाय, आणि अख्खा जमाव तिकडे वळवायचा. पण सभागृह इतकं खच्चून भरलेलं, की निरोप व्यासपीठापर्यंत पोचलाच नाही. कोर्टाच्या दाराशी मूठभर माणसं उरली. पुढचं वर आलंच आहे.

आठवड्याभराने, २ जूनला, बर्न्सला जहाजावर चढवायला सैन्य आणि तोफ रस्त्यावर आली. घरांवर काळी कापडं, एका रस्त्यावर ‘स्वातंत्र्य’ असं लिहिलेली शवपेटी टांगलेली, दुतर्फा सुमारे पन्नास हजार माणसं. एका माणसाला पुन्हा गुलाम करण्यासाठी सरकारने केवढा फौजफाटा उभा केला, हे शहराने डोळ्यांनी पाहिलं. रविवारी हिगिन्सनने वूस्टरच्या चर्चमध्ये प्रवचन दिलं: यापुढे फरारी लोकांना गुपचूप कॅनडाला पाठवायचं नाही, इथेच उजळ माथ्याने ठेवायचं आणि राखायचं. त्याच्यावर खटला भरला गेला आणि पुढच्या वर्षी तांत्रिक कारणावरून बारगळला. बर्न्सचं काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. बॉस्टनच्या कृष्णवर्णीय चर्चने पुढाकार घेऊन, १३०० डॉलर मोजून, १८५५ साली त्याला विकत घेऊन मुक्त केलं. तो ओबर्लिन कॉलेजात शिकला, कॅनडात पाद्री झाला आणि १८६२ साली वारला. तुळईने जे साधलं नाही ते वर्गणीने साधलं, हेही नोंदवायला हवं.

बर्न्सच्या त्याच आठवड्यात वॉशिंग्टनमध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा मंजूर झाला. या नव्या प्रदेशांत गुलामी हवी की नको, ते तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवावं, असं त्यात होतं. लोकशाहीला धरून वाटतं. पण मतदान जिंकायचं तर आपले लोक आधी तिथे पोचवायचे, आणि दोन्ही बाजूंनी ते बंदुका घेऊनच निघाले. गुलामीविरोधकांना पाठवलेल्या शार्प्स रायफलींना ‘बीचरची बायबलं’ म्हणत, कारण हेन्री वॉर्ड बीचर या नामांकित पाद्र्याचा त्यांना पाठिंबा होता. म्हणजे हिगिन्सन हा काही एकटाच बंदूकवाला धर्मोपदेशक नव्हता. १८५६ साली तो माणसं आणि शस्त्रं घेऊन स्वतः कॅन्ससला गेला.

तिथून वाट जॉन ब्राऊनकडे जाते, आणि हिगिन्सनच्या चरित्राचा सगळ्यात अडचणीचा भाग इथेच आहे. ब्राऊनच्या माणसांनी मे १८५६मध्ये कॅन्ससच्या पॉटावाटोमी भागात गुलामीवादी वस्तीतल्या पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी तोडलं होतं. पुढे ब्राऊनने व्हर्जिनियात घुसून गुलामांचा उठाव घडवायचा बेत केला. त्याला गुपचूप पैसा पुरवणारे सहा प्रतिष्ठित गृहस्थ होते, ‘सीक्रेट सिक्स’ म्हणून ते ओळखले जातात. हिगिन्सन त्यांतला एक. १६ ऑक्टोबर १८५९ला ब्राऊनने एकवीस साथीदारांसह हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला. पहिला मेला तो हेवर्ड शेपर्ड, रेल्वे स्टेशनवर काम करणारा एक स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस. गुलाम उठले नाहीत, ब्राऊन पकडला गेला आणि २ डिसेंबरला फासावर गेला.

सहापैकी एक जण आजारपणामुळे आधीच इटलीत होता. तिघे कॅनडात पळाले, एक वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाला. हिगिन्सन वूस्टरमध्ये घरीच राहिला. त्याने पत्रं जाळली नाहीत, काही नाकारलंही नाही. ब्राऊनच्या बायकोमुलांना भेटायला तो न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरात गेला, ब्राऊनला तुरुंगातून पळवायचा बेत केला, पण ब्राऊननेच नको म्हटलं. त्याच्या या सचोटीचं कौतुक होतं आणि व्हायलाही हवं. पण दुसऱ्याने करायच्या रक्तपातासाठी पैसे उभे करणं हे सुरक्षित अंतरावरचं शौर्य आहे, हा आक्षेप त्याने पुसला जात नाही. पुढे हिगिन्सनने स्वतः रणांगणात उतरायचा जो हट्ट धरला, त्यात ही बोच असावी, असा माझा तर्क आहे.

उत्तर-दक्षिणेतलं यादवी युद्ध १८६१ साली सुरू झालं, पण ते गुलामीविरोधी युद्ध म्हणून सुरू झालं नाही. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा जाहीर हेतू होता फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांना परत आणण्याचा. केंटकी, मेरीलँडसारखी काही गुलामीची राज्यं अजून त्याच्या बाजूला होती, त्यांना दुखवायचं नव्हतं. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यायला सरकार तयार नव्हतं. हा तिढा सुटायला सुरुवात झाली ती दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर. नोव्हेंबर १८६१मध्ये सरकारी आरमाराने पोर्ट रॉयल घेतलं. कापसाचे गोरे मळेवाले जीव घेऊन पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागेच राहिले. त्यांना परत मालकांकडे सोपवायचं, की मजुरीला लावायचं, की त्यांच्या हाती बंदूक द्यायची? जनरल डेव्हिड हंटरने वरिष्ठांना न विचारता १८६२च्या उन्हाळ्यात पलटण उभारली. पण लोकांना झोपड्यांतून जबरदस्तीने ओढून आणून उभारली. गुलामीतून सुटलेल्या माणसाला पहिला अनुभव हा. पगारही मिळाला नाही, आणि एक तुकडी सोडून सगळी पलटण मोडली.

२५ ऑगस्ट १८६२ला मात्र युद्धखात्याने जनरल रूफस सॅक्स्टनला पाच हजारांपर्यंत कृष्णवर्णीय सैनिक भरती करायला अधिकृत परवानगी दिली. सॅक्स्टनने नव्या पलटणीचा कर्नल म्हणून हिगिन्सनला पत्र धाडलं. हिगिन्सन तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये गोऱ्यांच्या एका पलटणीत कॅप्टन होऊन कवायती घेत होता. नोव्हेंबरअखेर तो त्याच बेटांवरच्या ब्यूफर्टला पोचला. पलटणीचं नाव फर्स्ट साउथ कॅरोलायना व्हॉलंटियर्स. बॉस्टनची प्रसिद्ध चौपन्नावी मॅसॅच्युसेट्स पलटण याच्या नंतरची.

अंगात लाल भडक विजारी घातलेले सैनिक त्याला पहिल्यांदा दिसले. गोऱ्या सैनिकांना निळ्या आणि यांना लाल, हा फरक सैनिकांनाही बोचत होता. हिगिन्सनने त्या बदलून घेतल्या. गोष्ट कपड्यांची आहे, पण सुरुवात अशाच गोष्टींपासून होते.

या अधिकाऱ्यांपुढचा धोका साधा नव्हता. कृष्णवर्णीय सैनिकांचं नेतृत्व करणारा गोरा अधिकारी हाती लागला तर त्याला मृत्युदंड देता येईल, असा ठराव दक्षिणेच्या काँग्रेसने १८६३मध्ये केला. पकडलेल्या सैनिकांच्या नशिबी पुन्हा गुलामी किंवा गोळी. हे माहीत असूनही माणसं भरती होत राहिली.

१ जानेवारी १८६३ला लिंकनचा मुक्तिजाहीरनामा लागू झाला. बंड केलेल्या राज्यांतले गुलाम आजपासून स्वतंत्र, असं तो म्हणत होता. सरकारच्या बाजूच्या गुलामी राज्यांना तो लागू नव्हता. पलटणीच्या छावणीत ओकच्या झाडांखाली समारंभ झाला. आख्खे बैल भाजले होते, बेटाबेटांवरून बोटींनी माणसं आली होती. जाहीरनामा वाचला डॉ. ब्रिस्बेन यांनी, ते स्वतः पूर्वीचे मळेवाले, आपले गुलाम मुक्त केलेले. मग पलटणीला झेंडा देण्यात आला. हिगिन्सन झेंडा हातात घेऊन बोलायला उभा राहणार, तोच व्यासपीठाशेजारून एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीयाचा चिरका आवाज उठला. कोणी सांगितलेलं नव्हतं. तो देशाचं गाणं म्हणू लागला, ‘माझ्या देशा, स्वातंत्र्याच्या गोड भूमी’ अशा अर्थाचं. दोन बायकांचे आवाज मिसळले, मग सगळ्यांचे. व्यासपीठावरचे गोरे पाहुणेही गाऊ लागले तेव्हा हिगिन्सनने हाताने त्यांना गप्प केलं. हा देश माझा, असं म्हणायचा हक्क त्या लोकांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. त्यात पाहुण्यांचा सूर नको, हे त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं. व्याख्यानं देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला गप्प बसण्याची वेळ कळली, याचं मला अप्रूप वाटतं.

छावणीत त्याने दोन गोष्टी टिपून ठेवल्या आणि दोन्ही मोलाच्या ठरल्या. पहिली म्हणजे गाणी. रात्री शेकोटीभोवती सैनिक गात तेव्हा तो अंधारात उभा राहून, खिशात हात घालून, कागदावर शब्द उतरवून घेई आणि तंबूत जाऊन लिहून काढी. आपल्या कीर्तनात बुवांनी ओळ म्हणायची आणि टाळकऱ्यांनी ती उचलायची, तशीच त्यांची पद्धत. एक जण पुढे होई, बाकीचे ध्रुपद धरत. ही सगळी भक्तिगीतं, पण त्यांतली मुक्ती नेहमी फक्त परलोकातलीच असेल असं नाही: युद्ध सुरू झालं तेव्हा ‘आम्ही लवकरच मुक्त होऊ’ हे गाणं म्हटल्याबद्दल जॉर्जटाउनमध्ये लोकांना तुरुंगात टाकलं होतं, असं सैनिकांनी त्याला सांगितलं. १८६७ साली त्याने अशी तीसहून अधिक गाणी एका मासिकात छापली. पुढे ज्याला जगाने ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणून ओळखलं, त्याच्या पहिल्या काही लेखी नोंदींपैकी ही एक.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने विचारलेला एक प्रश्न. युद्धाआधी त्याने गुलामांच्या जुन्या उठावांचा अभ्यास केला होता. आपण एवढे होता, तर उठाव आणखी का झाले नाहीत, हे त्याने सैनिकांना विचारलं. उत्तर साधं होतं: शस्त्रं नाहीत, पैसा नाही, माहिती नाही, कोणावर विश्वास ठेवावा ते कळत नाही. भित्रेपणाचा किंवा समाधानाचा काही संबंध नव्हता. ब्राऊनच्या बेतातली चूक हिगिन्सनला इथे उमगली असेल, कारण अनोळखी गोरा माणूस बंदुका घेऊन आला म्हणून कोण जीव धोक्यात घालेल?

ही माणसं त्याच्या मदतीची वाट बघत बसलेली नव्हती. जानेवारी १८६३मध्ये पलटण बोटींनी जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवरच्या सेंट मेरीज नदीत घुसली. त्यांतली ‘प्लँटर’ ही बोट आठ महिन्यांपूर्वी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम खलाशाने चार्ल्सटन बंदरातून शत्रूच्या नाकाखालून पळवून आणली होती. मोहिमेचा खरा मेंदू म्हणजे कॉर्पोरल रॉबर्ट सटन. तो याच नदीकाठी गुलाम होता, याच नदीतून पळाला होता आणि नदीची वळणं त्याला पाठ होती. वाटेतल्या चकमकीत तो जखमी झाला तरी काम सोडलं नाही. वुडस्टॉकला त्याच्या जुन्या मालकिणीच्या दारात हिगिन्सनने त्याची ओळख करून दिली तेव्हा बाई म्हणाल्या, आम्ही याला बॉब म्हणायचो. सटनने मग कर्नलला आवारातली गुलामांची कोठडी नेऊन दाखवली. बेड्या, खोडे सगळं जागच्या जागी होतं. मार्चमध्ये याच पलटणीने दुसऱ्या कृष्णवर्णीय पलटणीसह फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल काही आठवडे ताब्यात ठेवलं. कृष्णवर्णीय सैनिक लढतील का, या वर्तमानपत्री वादाला ही उत्तरं होती. युद्ध संपेपर्यंत अशा सैनिकांची संख्या सुमारे १,८०,०००वर गेली.

हिगिन्सनच्या लिखाणात त्यांच्याबद्दल प्रेम आहे, पण ‘मोठी झालेली मुलं’ असं तो त्यांना बिनदिक्कत म्हणतो, हेही वाचायला मिळतं. मुलं कोण होतं? पलटणीत सूझी किंग ही तरुणी होती. गुलामीत चोरून लिहायला शिकलेली. ती सैनिकांचे कपडे धुई, जखमा बांधी, त्यांना शिकवी, आणि १९०२ साली तिने स्वतःच्या आठवणी छापल्या. तिला कोणाच्या पालकत्वाची गरज दिसत नाही.

आता पगाराची भानगड. ती नीट समजून घेण्यासारखी आहे. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्याचे पैसे. या पलटणीला भरतीच्या वेळी युद्धखात्याने तेवढ्याच पगाराचं वचन दिलं होतं. १८६३च्या मध्याला खात्यातल्या कायदेपंडितांना आठवलं, की जुलै १८६२च्या मिलिशिया (नागरिकांच्या सैन्यदलाच्या) कायद्यात कृष्णवर्णीयांसाठी १० डॉलर लिहिलेत, आणि त्यांतून ३ डॉलर कपड्यांचे कापायचे. हातात ७. तो कायदा लिहिताना डोळ्यांसमोर मजूर होते, बंदूक घेऊन लढणारे सैनिक नव्हते. बऱ्याच सैनिकांनी सात डॉलर घ्यायलाच नकार दिला. आमची शिपाईगिरी सरकारने फुकट घ्यावी, पण सात डॉलर घेऊन आम्ही स्वतःची किंमत कमी करणार नाही, असं ते हिगिन्सनला म्हणत. घरी बायकामुलं उपाशी होती. शेजारच्या थर्ड साउथ कॅरोलायना पलटणीत सार्जंट विल्यम वॉकरने आपल्या तुकडीला कर्नलच्या तंबूपुढे बंदुका रचून ठेवायला लावल्या: सरकारने करार मोडला, आम्हीही मोडतो. त्याला बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४मध्ये गोळ्या घातल्या.

हिगिन्सनने वर्तमानपत्रांना आणि काँग्रेसच्या सदस्यांना पत्रांमागून पत्रं लिहिली. कोर्टाचं दार फोडण्यापेक्षा हे काम कंटाळवाणं होतं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. जून १८६४मध्ये काँग्रेसने समान पगार दिला, पण त्यात एक मेख ठेवली: मागची थकबाकी फक्त त्यांना, जे १९ एप्रिल १८६१ला, म्हणजे युद्धाच्या सुरुवातीला, स्वतंत्र होते. उत्तरेतल्या पलटणींत बहुतेक जण स्वतंत्र होते. त्यांच्यातल्या काही अधिकाऱ्यांनी युक्ती लढवली आणि त्या तारखेला कोणाच्याही फुकट श्रमांचे आपण देणेकरी नव्हतो, अशी शपथ शिपायांकडून घेतली. देवाच्या कायद्याने कोणीच गुलाम नसतो, त्यामुळे शपथ खोटी ठरत नव्हती. पण हिगिन्सनच्या सगळ्या पलटणीला गुलामीचा इतिहास होता, आणि सगळ्यात आधी भरती झालेलेच वगळले गेले. सरकारने त्यांना गुलामीतून सोडवलं, मग गुलाम होते म्हणून त्यांचे पैसे बुडवले, यावर तो संतापून लिहीत राहिला. पूर्ण पगाराचं वचन मिळालेल्या पलटणींची थकबाकी देणारा कायदा मार्च १८६५मध्ये झाला. तोवर तो सैन्यात नव्हता. जुलै १८६३च्या मोहिमेत तो जखमी झाला होता, मग हिवतापाने गाठलं, आणि १८६४ साली त्याने राजीनामा दिला.

नंतरची सत्तेचाळीस वर्षं तो लेखक म्हणून जगला. १८६२ साली एमिली डिकिन्सन नावाच्या, तेव्हा अनोळखी असलेल्या कवयित्रीने चार कविता पाठवून, माझ्या ओळी जिवंत आहेत का, असं त्याला विचारलं होतं. तो पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत चालला आणि १८९० साली तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक त्याने दुसऱ्या एका संपादिकेबरोबर काढलं, तेही तिची विरामचिन्हं आणि यमकं ‘सुधारून’. स्त्रियांच्या मताधिकारासाठी तो आयुष्यभर राबला. स्त्री-हक्कांची कार्यकर्ती लुसी स्टोन आणि हेन्री ब्लॅकवेल यांचं १८५५ सालचं लग्न त्यानेच लावलं. नवऱ्याला बायकोवर मालकी देणाऱ्या कायद्यांचा निषेध त्या जोडप्याने लग्नातच वाचून दाखवला होता. १८९३च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंदांप्रमाणे त्याचंही भाषण झालं. ९ मे १९११ला तो वारला.

पण युद्धानंतर मुक्त झालेल्या माणसांचं पुढे काय झालं, तिथे त्याची नजर मंदावली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय मतं देत होते, आमदार होते, न्यायाधीश होते. हिगिन्सनचा लाडका सार्जंट प्रिन्स रिव्हर्स त्यांतला एक. दक्षिण कॅरोलायनात कृष्णवर्णीयांचं राज्य आलं तर राजा हाच, असं हिगिन्सनने ज्याच्याबद्दल लिहिलं होतं तो. युद्धाआधी रिव्हर्स मालकाची बग्गी हाकायचा. नंतर तो राज्याच्या विधानसभेत गेला, हॅम्बर्ग गावी न्यायदंडाधिकारी झाला. जुलै १८७६मध्ये त्याच हॅम्बर्गमध्ये गोऱ्या सशस्त्र टोळ्यांनी कृष्णवर्णीय मिलिशियातल्या माणसांना पकडून ठार केलं. वर्षभरात केंद्र सरकारने दक्षिणेतल्या राज्यांमागचं लष्करी बळ काढून घेतलं, आणि हिगिन्सनने या माघारीला पाठिंबा दिला. १८७८ साली तो जुन्या छावण्यांच्या प्रदेशात फिरून आला आणि तिथलं बरं चाललंय, असं त्याने मासिकात लिहिलं. रिव्हर्सची सत्ता तोवर गेली होती. तो पुन्हा बग्गी हाकण्याच्या कामाला लागला आणि १८८७ साली वारला.